खिट्टीचा अर्धा मिलिमीटर

कारखान्यात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की थांबाबाई. हे नाव कुणी पाडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण का पाडलं ते तिलाही ठाऊक होतं. कुणी टेबलाशी येऊन "मॅडम, एक छोटासा बदल करायचा होता" असं म्हणायला तोंड उघडलं, की पुढचं ऐकायच्या आत तिच्या तोंडून थांबा निघे. थांबा, फॉर्म भरा. थांबा, विभागप्रमुखांची सही आणा. थांबा, गोदामात पडलेल्या जुन्या मालाचं काय करणार ते आधी लिहा.

कारखाना दवाखान्याच्या खाटा बनवायचा. बघणाऱ्याला खाट म्हणजे चार पाय आणि वर गादी, पण या खाटेला चारशे बारा सुटे भाग होते आणि त्यातला प्रत्येक भाग बदलावा असं रोज कुणा ना कुणाला वाटत असे. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तर नुसता सावळा गोंधळ होता. डिझाइनवाले फोनवर बदल सांगायचे, खरेदीवाले अर्धाच ऐकायचे आणि रंगारी आपल्या मनाने तिसरंच करायचे. शेवटी एक खाट तीन जुन्या आणि एका नव्या मापाच्या चाकावर लंगडत एका दवाखान्यात पोचली, तेव्हा साहेबांचे डोळे उघडले. त्यांनी बदलांच्या नोंदीसाठी वेगळं टेबल काढलं, त्यावर हिला बसवलं आणि हातात लाल शाईचा शिक्का दिला. तेव्हापासून तिच्या शिक्क्याशिवाय या कारखान्यात स्क्रूसुद्धा बदलत नसे. निदान तिची अशी समजूत होती.

तिचा सगळ्यात मोठा ताप म्हणजे कठड्याची खिट्टी. खाटेच्या दोन्ही बाजूंना रुग्ण पडू नये म्हणून कठडा असतो. तो वर ओढला की बोटाएवढी एक पोलादी खिट्टी टक्कन खाचेत बसते आणि कठडा जागच्या जागी राहतो. दीड वर्षापूर्वी दवाखान्यांत दुरुस्तीला जाणारी माणसं तक्रार घेऊन आली, की बदलायला दिलेल्या सुट्या खिट्ट्या खाचेत बसतच नाहीत, नाक किंचित लांब आहे. गंमत अशी, की कारखान्यातून निघणाऱ्या नव्या खाटांवर मात्र त्याच खिट्ट्या लोण्यात सुरी जावी तशा बसत होत्या. म्हणजे दुरुस्तीवाल्यांना काम येत नाही, असं डिझाइनवाल्याचं मत पडलं. हा डिझाइनवाला हुशार माणूस होता, पण वरच्या मजल्यावरची आपली खुर्ची सोडून तो खाली जिन्यापर्यंतही येत नसे. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

ती मात्र खनपटीलाच बसली. तब्बल अकरा महिने तिने त्या बदलाचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर हिंडवला. त्यावर सात सह्या लागायच्या. एक सही झाली की दुसरा सहीवाला रजेवर, तो आला की तिसऱ्याला शंका, शंका फिटली की पहिला म्हणणार, मी नेमकी कशावर सही केली होती? शेवटी डिझाइनवाल्याने पत्र्याची खाच मोजली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खाचेवर रंगाचा थर चढतो आणि तो थर ड्रॉइंगमध्ये धरलेलाच नव्हता. खिट्टीचं नाक अर्ध्या मिलिमीटरने कमी करायचं ठरलं. तिने फॉर्मवरचे शेवटचे रकाने भरले. 'जोडणी विभागावर परिणाम' असा एक रकाना होता. जोडणीत काय करायचं होतं? ट्रेमधली खिट्टी उचलायची आणि बसवायची. तिने तिथे आपल्या हाताने 'नाही' असं लिहिलं आणि शिक्का मारला. कुठे 'नाही' लिहिलं, की त्या विभागाला बदलाची प्रत जात नसे. हा नियम तिनेच केला होता, कारण गरज नसताना प्रती वाटल्या की लोक त्यात वडे गुंडाळतात, असा तिचा अनुभव होता.

जोडणी विभागात मुख्य मिस्त्री होते तिचे सासरे.

सासरे म्हणजे अळीमिळी गुपचिळी. घरात तीनच माणसं, ती, नवरा आणि बाबा. त्यातले बाबा दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलत आणि त्यातली पाच 'बरं' अशी असत. अडतीस वर्षं नोकरी झाली होती आणि सात आठवड्यांनी ते निवृत्त होणार होते. कारखान्याच्या दारातल्या भिंतीवर एक फळा होता. पूर्ण नोकरीत ज्याला एकही लेखी मेमो मिळाला नाही, त्याच्या नावाची पितळी पट्टी त्यावर लागे. इतक्या वर्षांत सहाच पट्ट्या लागल्या होत्या आणि सातवी बाबांची लागणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. बाबा त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. पण मागच्या महिन्यात नवऱ्याने सहज विचारलं, की तुम्हाला निवृत्तीची भेट म्हणून काय हवं, तर ते म्हणाले, "ती पट्टी लागली की झालं." बाबांनी आयुष्यात काही मागितल्याचं तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

घरीही सध्या तिच्या नाकी नऊ आले होते, आणि ते एका भिंतीवरच्या घड्याळापायी. घड्याळ सासूबाईंच्या वेळचं. ते मागे पडतं असं कधीतरी सासूबाई म्हणाल्याचं तिला आठवत होतं, पण तिने तरी ते कधी चुकलेलं पाहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात मात्र ते एके दुपारी बंदच पडलं. तिने ते दुरुस्तीला दिलं आणि रविवारी परत आणून भिंतीवर लावलं. सोमवारी ते पाच मिनिटं पुढे. मंगळवारी दहा. बुधवारी ती कारखान्याच्या बसची वाट बघत पाव तास एकटीच थांब्यावर उभी राहिली (बाबा घड्याळ न बघता सवयीने नेमके बसच्या वेळी येत) आणि समोरच्या दुकानदाराने शटर वर करताना तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हिचं घरात भांडण झालेलं दिसतंय.

त्या संध्याकाळी ती घड्याळ काखेत मारून दुरुस्तीवाल्याकडे गेली आणि त्याला सुनावून आली, की घड्याळ दुरुस्त करायला दिलं होतं, बिघडवायला नव्हे. दुरुस्तीवाला म्हातारा होता आणि स्वाभिमानी होता. त्याने ते चोवीस तास स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवलं आणि गुरुवारी संध्याकाळी परत देताना सांगितलं, की माझ्या दुकानात हे सेकंदाला सेकंद चालतं, तेव्हा दोष घड्याळात नाही, तुमच्या घरात आहे. या बोलण्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात तोच आठवडा नव्या खिट्ट्यांचाही होता. सोमवारी नव्या मापाचा माल आला, जुना सगळा गोळा करून भंगारात गेला, आणि तिने अकरा महिन्यांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. बुधवारी दुपारी तपासणीतून निरोप आला. चाळीस खाटांपैकी नऊ खाटांचे कठडे जरा जोरात हलवले की खिट्टी सुटून धाडकन खाली येत होते.

तिने डोक्याला हात लावला. जी खिट्टी आधी बसत नव्हती ती आता सुटत होती. खाटा शुक्रवारी संध्याकाळी एका नव्या दवाखान्यात जायच्या होत्या. डिझाइनवाल्याने ताबडतोब जाहीर केलं, की माझं माप बरोबर आहे. खरेदीवाल्यांनी सांगितलं, की माल मापात आला आहे. सगळ्यांचं सगळं बरोबर होतं आणि कठडे खाली येत होते.

खरा जोर आला तो तपासणी विभागाच्या प्रमुखाला. हा गृहस्थ खिशात सदैव एक भिंग बाळगी आणि त्यामुळे कारखान्यात त्याला भिंगच म्हणत. त्याने सुटलेल्या खिट्ट्या भिंगाखाली धरल्या आणि त्याचा चेहरा खुलला. नाकावर बारीक, समांतर रेघा होत्या. कानस फिरवलेली होती. कारखान्यात कुणीतरी खिट्ट्या घासत होतं आणि तसं ड्रॉइंगमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

साहेबांनी शुक्रवारी दहा वाजता बैठक लावली. ड्रॉइंगबाहेर काम करणारा जो कुणी असेल त्याला त्याच बैठकीत लेखी मेमो मिळेल, मग तो कितीही जुना असो, असं त्यांनी बजावलं. गुरुवारी भिंग जोडणी विभागात गेला, सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, की खिट्ट्यांशी छेडछाड कुणी केली आहे? अकरा जणांनी नकारार्थी माना हलवल्या. बाबांनीही हलवली. तिने हे ऐकलं तेव्हा तिला बरंच वाटलं. निदान बाबांचा विभाग सुटला. बाबा काय, ड्रॉइंग सोडून इकडचा तिकडे न होणारा माणूस. तिचा संशय रंगाऱ्यांवर होता. रंगारी काहीही करू शकतात, असं तिचं सहा वर्षांच्या अनुभवातून बनलेलं पक्कं मत होतं.

शुक्रवारी सकाळी ती तोंडात ब्रश धरून बाहेरच्या खोलीत आली आणि तिथेच थबकली. बाबा अंघोळ करून, शर्टाची बटणं लावून, खुर्चीवर उभे होते. त्यांनी घड्याळाची काच उघडली, तर्जनीने मोठा काटा पाच मिनिटं पुढे सरकवला, काच लावली आणि उतरून खुर्ची पुन्हा टेबलाखाली सारली. रोज देवाला फूल वाहावं इतक्या सवयीने.

तिने जाऊन चूळ भरली आणि परत आली. हे तुम्ही कधीपासून करता, असं तिने विचारलं. बाबा म्हणाले, रोजच. घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं ना, तुझ्या सासूबाई होत्या तेव्हापासून. ती म्हणाली, अहो, पण ते मी दुरुस्त करून आणलंय. बाबांनी घड्याळाकडे एकदा नव्याने पाहिलं.

"बंद पडलं होतं, ते चालू करून आणलंस असं वाटलं," ते म्हणाले. "वेळही नीट केली, हे मला कुठे कुणी सांगितलं?"

म्हणजे दुरुस्तीवाला बरोबर, घड्याळ बरोबर, बाबाही आपल्या जागी बरोबर, आणि वेळ चुकलेली. तिचा राग एकदम उसळला आणि त्याच पावली कुठेतरी आत जाऊन थिजला. हेच तिने याच आठवड्यात आणखी एकदा पाहिलं होतं. सगळ्यांचं सगळं बरोबर, आणि कठडे खाली.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "ट्रेमध्ये खिट्ट्या आल्या की तुम्ही त्यांचं काय करता?"

"वीस वीस धरतो व्हाइसच्या जबड्यात आणि कानशीचे चार हात मारतो. भोंगा व्हायच्या आधी उरकतो. नाक लांब असतं त्यांचं."

"आणि काल भिंगसाहेबांनी विचारलं तेव्हा?"

"त्यांनी छेडछाड विचारली. मी छेडछाड कुठे करतो? मी बसवतो."

ती खुर्चीवर बसली. अकरा वर्षं, या खाटेचं पहिलं ड्रॉइंग आलं तेव्हापासून, हा माणूस रोज सकाळी खिट्ट्या अर्ध्या मिलिमीटरने घासत होता. म्हणून नव्या खाटांवर त्या बसत होत्या आणि गोदामातून थेट दवाखान्यात गेलेल्या सुट्या खिट्ट्या बसत नव्हत्या. आता माप दुरुस्त झालं, आणि तरीही सोमवारपासून हे आपले चार हात मारतच होते, कारण जोडणीला प्रत गेली नव्हती, कारण 'नाही' असं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सात सह्यांसाठी अकरा महिने ती सगळा कारखाना पालथा घालत होती आणि उत्तर रोज रात्री समोर बसून जेवत होतं.

बसमध्ये ती त्यांच्या शेजारी बसली. एरवी ते पुढे बसत आणि ती मागे, कारण कारखान्यात सासरा-सून हे नातं चालवायचं नाही असं तिनेच पहिल्या दिवशी ठरवलं होतं. दहा वाजता काय होणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. मेमो. सात आठवडे उरले असताना. पट्टी गेली. तिला आधी भीती वाटली आणि मग संताप आला. आवाज खाली ठेवून ती त्यांच्यावर बरसली. अकरा वर्षं! एका शब्दाने सांगायचं नाही? एवढं मोठं टेबल मांडून मी तिथे कशासाठी बसले आहे? सगळ्या जगाला मी ओरडून सांगते, की काही बदलायचं असेल तर लिहून द्या, आणि माझ्याच घरातलं माणूस...

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"फॉर्म भरला होता," ते म्हणाले.

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिने कधी, असं विचारलं. तू टेबल सुरू केलंस तेव्हाच, पहिल्या महिन्यात, असं ते म्हणाले. 'परत' अशी चिठ्ठी आली. मग म्हटलं, काम तर थांबायला नको. आणि त्यांनी दिवसाच्या वीस वाक्यांपैकी निम्मी सकाळीच संपवली असल्यामुळे पुढे ते काही बोलले नाहीत.

तिच्या कपाटात 'परत' नावाची एक जाडजूड फाइल होती. अपुरे फॉर्म तिथे राहत आणि अर्ज करणाऱ्याला नुसती चिठ्ठी जाई. सगळ्यात खाली, पिवळा पडलेला, फॉर्म क्रमांक चौदा होता. बाबांचं ठसठशीत, उभं अक्षर. पेन्सिलने काढलेली खिट्टी, नाकाशी बाण आणि बाणाशी 'अर्धा मिमी कमी हवे'. कारण म्हणून लिहिलं होतं, 'रंगामुळे खाच लहान होते. नवीन खाटांना आम्ही घासून बसवतो, पण सुटी खिट्टी बसणार नाही.' वरच्या मजल्याने अकरा महिने खर्चून जे शोधून काढलं, ते दोन ओळींत. आणि खाली लाल शाईत तिचा शेरा: 'अपूर्ण. विभागप्रमुखांची सही नाही. परत.' त्यावर शिक्का.

तिला तो दिवस आठवला नाही, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. आठवला तो त्याच्या आदल्या दिवशीचा बाबांचा चेहरा. जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून, जीभ दातांत धरून ते तासभर काहीतरी लिहीत होते आणि तिला वाटलं होतं, शब्दकोडं सोडवताहेत. टेबल नवं होतं. सून सासऱ्याचे कागद पुढे सरकवते असं कुणी म्हणू नये, म्हणून तिने सहीचा रिकामा चौकोन पाहिला असणार आणि बाकीचं न वाचताच थांबा म्हटलं असणार. आपल्या माणसाला सवलत नाही, याचा तिला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. आता तिला त्याची लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला रडू येण्याऐवजी स्वतःला चार शिव्या घालाव्याशा वाटत. तिने त्या मनातल्या मनात घातल्या आणि फॉर्म घेऊन ती बैठकीला गेली.

तिने बाबांना सोबत नेलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, की खिट्ट्या मिस्त्री घासतात. भिंगाच्या हातून भिंग पडता पडता राहिलं. साहेबांनी बाबांना खरं का, असं विचारलं. बाबा म्हणाले, हो, चार हात, रोज. त्यांनी खिशातून एक नवी, न घासलेली खिट्टी काढली आणि साहेबांच्या टेबलाजवळ नमुन्याला आणून ठेवलेल्या खाटेवर बसवली. टक्क झालं. साहेबांनी कठडा दोन्ही हातांनी गदागदा हलवला, पण तो हलेना. म्हणजे खाटांचा प्रश्न मिटला होता. चाळीस खाटांच्या खिट्ट्या दुपारपर्यंत बदलून झाल्या असत्या. राहिला होता फक्त माणसाचा प्रश्न.

भिंग म्हणाला, काम कितीही चांगलं असलं तरी ते ड्रॉइंगबाहेरच होतं, आणि नियम सगळ्यांना सारखा. साहेबांना हे आवडलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरून कळत होतं. पण ते म्हणाले, नियम मीच केला आहे. मग ते बाबांकडे वळले.

"मिस्त्री, अकरा वर्षांत हे कुणालाच का सांगितलं नाहीत?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही, हे फक्त तिला कळलं.

"सांगायचं राहून गेलं," ते म्हणाले.

इतकं सरळ खोटं तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. अडतीस वर्षांची पट्टी तो माणूस सुनेच्या एका शिक्क्यासाठी गिळून टाकत होता, आणि तेही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. तिला त्यांचा इतका राग आला, की डोळे भरून आले.

"राहून गेलं नव्हतं," ती म्हणाली आणि फॉर्म क्रमांक चौदा साहेबांसमोर ठेवला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी वाचला, तारीख पाहिली, पुन्हा वाचला. मग तो डिझाइनवाल्याकडे सरकवला. डिझाइनवाला त्या दिवशी नाइलाजाने खुर्ची सोडून आला होता. तो पेन्सिलच्या बाणाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, की माप तेवढंच आहे. भिंगाने आपलं भिंग लाल शेऱ्यावर धरलं. त्याची काही गरज नव्हती, अक्षर चांगलं मोठं होतं.

"मग मेमो कुणाला द्यायचा?" साहेबांनी विचारलं.

"शिक्का ज्याचा असेल त्याला," ती म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली आणि बैठक संपवली. बाबा मात्र बाहेर पडल्यावर जिन्यात थांबले आणि तिच्यावर चक्क चिडले. तुला कुणी सांगितलं होतं तो कागद काढायला, तुझी अजून वीस वर्षं जायची आहेत इथे, मी आज आहे उद्या नाही. लग्न होऊन आल्यापासून ते तिला पहिल्यांदाच रागावत होते. तिने ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली.

मेमो सोमवारी तिच्या टेबलावर आला. त्यावर साहेबांची सही नव्हती. तिचा हात सवयीने लाल पेनकडे गेला आणि 'अपूर्ण' एवढं लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हा आपलाच आहे. ती तो घेऊन स्वतः वर गेली, साहेबांची सही मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने फाइलला लावला. मग तिने फॉर्म नव्याने छापून घेतला. 'विभागावर परिणाम' हा रकाना गेला आणि त्या जागी आलं, 'हे काम हाताने करणाऱ्याला विचारले का? त्याची सही.' सातच्या आठ सह्या झाल्या म्हणून वरच्या मजल्याने बोंब ठोकली. शिवाय सही मिळवायची तर जिना उतरावा लागे, हे त्यांचं खरं दुखणं होतं. तिने सांगितलं, थांबा, सवय होईल.

सात आठवड्यांनी बाबांचा निरोप समारंभ झाला. साहेब दोन शब्द बोलले, भिंगही बोलला आणि त्याने मिस्त्रींच्या कामात आपल्याला कधी चूक सापडली नाही असं सांगितलं, जणू सापडायला हवी होती. मग सगळे दारातल्या फळ्याजवळ जमले. पितळी पट्टी आली, बाबांनी ती स्वतःच लावायला घेतली, आणि घोडं अडलं. पट्टीची भोकं फळ्याच्या भोकांशी जुळेनात. एका बाजूचा स्क्रू जाईना. केसभराचा फरक होता.

बाबांचा हात खिशात गेला. शेवटच्या दिवशीही तिथे बारीक गोल कानस होतीच. ती अर्धी बाहेर काढून ते थांबले आणि त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. मग साहेबांनी पाहिलं, भिंगाने पाहिलं, आणि शंभरभर माणसं थांबाबाईच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"मारा, बाबा," ती म्हणाली. "फॉर्म मी भरते."

त्यांनी चार हात मारले. स्क्रू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत. अडतीस वर्षांची झोप साठलेली, त्यांना कुणी हाक मारली नाही. ती आवरून निघाली, घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर थांब्यावर आली, आणि पाच मिनिटं एकटीच उभी राहिली. समोरच्या दुकानदाराने शटर वर करता करता पुन्हा तसंच पाहिलं. तिला आधी काही कळेना. घड्याळ सात आठवडे सेकंदाला सेकंद चालत होतं, आणि बाबा तर आज अंथरुणातून उठलेही नव्हते. मग तिने घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला आणि त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की बाबा आता थकलेत, त्यांना खुर्चीवर चढायला लावणं बरं नव्हे, म्हणून आजपासून घड्याळाचा काटा मीच पुढे केला.

घड्याळ दुरुस्त झालं आहे, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं.